हुक्क्याचे सामाईक खाते

आमच्या शेजारचे मामासाहेब हे महसूल खात्यातून मामलेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. सदाशिव पेठेतला त्यांचा वाडा पडून त्या जागी चौमजली इमारत उभी राहिल्याला पंचवीस वर्षे लोटली, तरी तिसऱ्या मजल्यावरील आपल्या सज्जाला ते अद्याप ओसरीच म्हणतात. आणि कोणताही तंटा, मग तो पाण्याच्या टाकीचा असो की परराष्ट्रधोरणाचा, या ओसरीवर कैफियत, जबानी, उलटतपासणी आणि निकाल अशा यथाक्रम पायऱ्यांनी गेल्यावाचून त्यांना संध्याकाळचा चहा गोड लागत नाही. शेजारधर्म म्हणून मी या कचेरीत श्रोत्याचे काम करतो. पुढे जो संवाद देत आहे तो अशाच एका संध्याकाळचा असून, त्यात वादी कोण आणि प्रतिवादी कोण हे मला शेवटपर्यंत नीटसे कळले नाही, एवढे आरंभीच कबूल करतो.

तंट्याचे मूळ ओसरीबाहेर, बाणेरला होते. श्रावणात नातवाच्या फ्लॅटवर सत्यनारायण होता. त्या निमित्ताने गेलेल्या मामींनी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेच्या पोटाची, पितळी मानेची एक उंच वस्तू पाहिली आणि, ही नव्या धर्तीची समई दिसते, हिच्यात वाती कोठे घालायच्या, असे नातसुनेला निरागसपणे विचारले. नातसून लाजली, नातू हसला, आणि गुरुजींनी पोथीत डोके खुपसले. मामासाहेबांनी मात्र ती वस्तू तत्क्षणी ओळखली, कारण त्यांच्याच कपाटात आजोबांची बिदरी गुडगुडी आहे: जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीची वेलबुट्टी, आणि बिदरच्या किल्ल्यातील मातीने आलेला तो गाढ, मखमली काळेपणा. नातू आणि नातसून, दोघेही संगणकाच्या कंपनीत नोकरीला, दोघेही तिशीच्या आतले, दर शनिवारी रात्री सज्जाच्या काचा ओढून घेऊन हुक्का ओढत बसतात, ही माहिती त्या दिवशी घरात पसरली. त्यानंतर काही महिन्यांनी मामासाहेबांची भाची भेटीला आली. ती शहरातील एका व्यसनमुक्ती केंद्रात बावीस वर्षे समुपदेशनाचे काम करते आणि मामांसमोर न बिचकता बोलणारी घरातील बहुधा एकटीच व्यक्ती आहे.

“प्रश्न सोपा आहे,” मामासाहेबांनी कामकाज सुरू केले. “29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागली, 14 माणसे प्राणास मुकली, आणि अग्निशमन दलाच्या अहवालात हुक्क्याच्या निखाऱ्यांतून उडालेल्या ठिणग्यांचा उल्लेख आला. पुढच्याच वर्षी, 2003 च्या केंद्रीय तंबाखू कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून, गुजरातेपाठोपाठ आपल्या सरकारने हुक्का पार्लरे बंद केली. कैद एका वर्षापासून तीन वर्षांपर्यंत, आणि दंड 50 हजारांपासून लाखापर्यंत. सरकारने आपले काम केले. आता उरतो तो माणसाचा निग्रह. आणि निग्रह ही ज्याची त्याने करावयाची गोष्ट आहे. तू मात्र म्हणतेस की त्या दोघांना एकत्र बसवून त्यांच्या मनाचा कल पाहिला पाहिजे! हे मला शेतसारा वसूल करण्यापूर्वी खातेदाराच्या मनाचा कल पाहण्यासारखे वाटते.”

“मामा, कायदा कोणाला लागू झाला ते आधी पाहा,” भाची म्हणाली. “तो चालकाला लागू झाला. दुकान बंद झाले, बैठक बंद झाली नाही. ती उठून घरी आली. आणि घरची बैठक पार्लरपेक्षा चिवट असते. पार्लरमध्ये पैसे मोजावे लागत, वेळ झाली की उठावे लागे, शेजारच्या टेबलावर कोणी ओळखीचे निघेल ही धास्ती असे. घरी यातले काहीच नाही. पॉट आपला, कोळसा आपला, सज्जा आपला. कायदा नको असे मी म्हणत नाही, पण कायद्याने जेथवर जायचे तेथवर तो गेला. बाणेरच्या सज्जात तो पोचत नाही, आणि पोचावा असे तुम्हालाही वाटणार नाही.”

इतिहास हा मामासाहेबांचा हळवा कोपरा. तेथे शिरले की ते स्वतःच्याच पक्षाविरुद्ध पुरावा दाखल करतात आणि तो किती अस्सल आहे याचाच त्यांना आनंद होतो. “कायदा पोचत नाही हे खरेच आहे म्हणा,” ते म्हणाले. “तंबाखूविरुद्ध जहांगीराने 1617 मध्ये फर्मान काढले, इराणात शाह अब्बासानेही तसाच हुकूम दिला होता. आणि जहांगीराने ज्या खान आलमला इराणला वकील म्हणून पाठवले, तो एक क्षण तंबाखूवाचून राहू शकत नसे! शेवटी शाहाला त्याच्यापुरती सवलत द्यावी लागली. हे कोण लिहून ठेवतो? स्वतः जहांगीर, आपल्या आत्मचरित्रात. त्याच्या बापाच्या दरबारात तर याहून गंमत झाली. असद बेग नावाचा सरदार 1604 च्या सुमारास आपल्या विजापुराहून तंबाखू आणि मौल्यवान जडावाची नळी घेऊन अकबरापुढे गेला. बादशहाने कुतूहलाने चार झुरके घेतले, तोच हकीम आडवा आला: हे अपरिचित द्रव्य आहे, आमच्या ग्रंथांत याचा गुणदोष सांगितलेला नाही. असद बेगाने उत्तर दिले की फिरंगी लोक काही इतके मूर्ख नाहीत, आणि जगातली प्रत्येक रूढी कधीतरी नवीनच असते. बादशहाने स्वतः सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र घेतली.”

“म्हणजे हा वाद चारशे वर्षांचा आहे,” मी म्हणालो.

“आणि तेव्हाही हकीम हरला,” भाची म्हणाली. “कारण तो द्रव्याविषयी बोलत होता आणि सरदार बैठकीविषयी विचार करीत होते.”

मला हे वाक्य आवडले, पण मामासाहेबांनी ते कामकाजात घेतले नाही. त्यांचे चित्त पाण्याकडे वळले होते. धूर पाण्यातून ओढण्याची युक्ती हकीम अबुल फतह गिलानी याने काढली असे परंपरा सांगते. पण हा हकीम 1589 मध्ये वारला, म्हणजे असद बेगाची नळी दरबारात पोचण्यापूर्वी पंधरा वर्षे. ज्या युक्तीने धूर निर्विष होतो असे लोक इतकी शतके मानत आले, तिच्या जनकत्वाचाही दस्तऐवज असा संशयास्पद! “पण युक्ती खरी असेल की नाही?” त्यांनी विचारले. “नातू म्हणतो, सिगारेट वेगळी आणि हे वेगळे; हे पाण्यात धुतलेले, वर सफरचंद आणि पुदिना.”

“नातू जे म्हणतो ते माझ्याकडे येणारी प्रत्येक जोडी म्हणते,” भाची म्हणाली, आणि तिने पुढे जे सांगितले ते, त्यात तिचा पेशा असल्यामुळे, मी होईल तितके जसेच्या तसे देतो. मातीच्या चिलमीत काकवीत आणि सुगंधी अर्कात भिजवलेली तंबाखू असते, तिच्यावर भोके पाडलेली फॉइल, आणि फॉइलवर जळता कोळसा. तंबाखू स्वतः पेटत नाही, कोळशाच्या धगीने भाजते. म्हणून त्या धुरात तंबाखूचे जे आहे ते असतेच, वर कोळशाचे जे आहे तेही येते, आणि कोळशाचे जे येते त्यात मुख्य म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पाणी धूर थंड करते, घशाला होणारी टोचणी कमी करते, आणि म्हणून माणूस अधिक खोल, अधिक वेळ ओढतो. थोडक्यात, पाण्यामुळे धूर निवळत नाही, ओढणारा निर्धास्त होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये काढलेल्या टिपणात हिशेब दिला आहे: सिगारेट ओढणारा पाच-सात मिनिटांत आठ-बारा झुरके घेतो आणि सुमारे अर्धा लिटर धूर आत घेतो, हुक्क्याची बैठक 20 ते 80 मिनिटे चालते, झुरके 50 ते 200, आणि प्रत्येक झुरका 0.15 पासून 1 लिटरपर्यंत.

“त्यावरून एक हुक्का म्हणजे शंभर सिगारेटी असे जे सांगत सुटतात,” ती म्हणाली, “ते मला पसंत नाही. तो धुराच्या आकारमानाचा हिशेब आहे, प्रत्येक विष शंभरपट असते असा त्याचा अर्थ नाही. आणि मुले हुशार असतात, एक अतिशयोक्ती सापडली की बाकीचे खरेही टाकून देतात. पण आठवड्यातून एकदाच, म्हणजे काहीच नाही, हा त्यांचा हिशेबही तेवढाच खोटा. आणि तंबाखूविरहित, ‘हर्बल’ म्हणून जे मिळते त्याचे काय विचारता! बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात ॲलन शिहादे यांनी यंत्राकडून हुक्का ओढवून धूर मोजला. निकोटिन नव्हते, पण कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर होतेच. कोळसा तोच, मग दुसरे काय होणार?”

“मग हे सगळे त्या दोघांना सांग,” मामासाहेब म्हणाले. “पुरावा दिला, निकाल लागला.”

“त्यांना ते माहीत आहे.”

येथे क्षणभर ओसरीवर शांतता पसरली. मामासाहेबांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत पुरावा मान्य असून निकाल अमान्य असणारे पक्षकार पुष्कळ आले असतील; पण तेथे निदान जमिनीचा लोभ तरी कारण म्हणून दाखवता येत असे.

भाची सावकाश सांगू लागली. त्या दोघांचे समुपदेशन ती स्वतः करीत नाही, नात्यातल्यांचे करू नये असा केंद्राचा शिरस्ता आहे. तिने त्यांना एका सहकारी बाईंकडे पाठवले आहे, आणि जे सांगत होती ते त्या दोघांनीच तिला, आत्या म्हणून, चहाच्या टेबलावर सांगितलेले, आजोबांना सांगायला हरकत नाही असे म्हणून सांगितलेले. आषाढातल्या एका शनिवारी, पाऊस लागला म्हणून काचा पूर्ण ओढलेल्या, आणि दोन तास बैठक झालेली. उठताना नातसुनेचा तोल गेला, डोके असे ठणकू लागले की तिला भिंत धरावी लागली. दोघांनी ठरवले की पित्त झाले. तिने लिंबूपाणी घेतले, खिडकी उघडली, बरे वाटले. त्यामुळे पित्ताचे निदान पक्के झाले आणि खिडकीला कोणी श्रेय दिले नाही. पुढे डॉक्टरांनी दुसऱ्याच कारणासाठी तपासताना ही हकीकत ऐकली आणि विचारले, कोळसा घरात पेटवता का?

“त्या दिवसापासून,” भाची म्हणाली, “तिला सोडावेसे वाटू लागले. तो मात्र द्विधा मनःस्थितीत राहिला. आमच्या केंद्रात आम्ही शून्य ते दहा अशी एक पट्टी दाखवून विचारतो, सोडण्याची इच्छा किती.”

“म्हणजे रुपयात किती आणे.”

“तसेच म्हणा. ती अकरा आण्यांवर होती, तो चार आण्यांवर. आता तुम्ही असता तर त्याला काय विचारले असते?”

“बाकीचे बारा कोठे गेले!”

“अगदी. आणि त्याने बाराच्या बारा आण्यांचा हिशेब तुमच्यापुढे मांडला असता: कामाचा ताण असतो, मित्र येतात, शनिवारीच तर ओढतो, इतके लोक ओढतात. आणि मांडता मांडता तो त्याचा त्यालाच अधिक पटला असता. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये एक पद्धत मांडली, तिच्या परंपरेत आम्ही उलटे विचारतो: चार तरी का? एकच आणा का नाही? मग माणसाला चार आण्यांची बाजू मांडावी लागते, आणि ती सोडण्याची बाजू असते. तुमचा नातू बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, गेल्या वेळी सिंहगड चढताना दम लागला. मग म्हणाला, तिचे डोके. आणि मग म्हणाला, सत्यनारायणाच्या दिवशी आजीने विचारले की वाती कोठे घालायच्या, तेव्हा कसेसेच झाले.”

मामी आतून हसल्या. ओसरीवरचे बोलणे स्वयंपाकघरात ऐकू जाते हे मामासाहेब नेहमी विसरतात.

“म्हणजे लाज!” मामासाहेबांनी संधी साधली. “आणि लाज ही ज्याची त्यालाच वाटते. मी तेच म्हणतो आहे. व्यसन सोडणे हा एक प्रकारचा संन्यास आहे, आणि संन्यास काही कोणी जोडीने घेत नाही.”

“वानप्रस्थ घेतात,” भाची म्हणाली. “आणि त्या दिवशी पूजेला संकल्प सोडताना गुरुजींनी काय सांगितले? पत्नीने यजमानाच्या हाताला हात लावायचा. पाणी एकाच्या तळहातावरून सुटते, संकल्प दोघांचा होतो. मामा, जे एकट्याने धरले ते एकट्याने सोडावे हे मला मान्य आहे. विडी-काडी, गुटखा, ही एकेकट्याची कामे आहेत. तेथे आम्ही एकेकट्यालाच बोलावतो. पण या दोघांचा हुक्का म्हणजे दोन व्यसने नाहीत, एकच आहे, आणि ते दोघांच्या मध्ये ठेवलेले आहे. नळीसुद्धा एकच असते, ती याच्या हातातून तिच्या हातात जाते. मी तिला विचारले, तुला अकरा आणे सोडावेसे वाटते तर तू बसतेस का? ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, आठवड्यात तो एवढाच तास मोबाइल हातात धरत नाही. एका हातात नळी असते, दुसऱ्यात निखाऱ्याचा चिमटा.”

हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे ती दोघे पहिल्यांदा स्पष्ट उभी राहिली. तोवर ती मला केवळ एक उदाहरण होती.

मामासाहेब मात्र सहजासहजी हटणारे नव्हेत, आणि त्यांनी यापुढे जो आक्षेप घेतला तो मला आजही बिनतोड वाटतो. “तू म्हणतेस तसे दोघांनी मिळून सोडले असे धर. म्हणजे हा तिचा जामीन आणि ती याची जामीन. अगं, कर्जदारालाच कर्जदाराचा जामीन कोणती पेढी करून घेते? एक बुडाला की दुसरा त्याच्याबरोबर बुडणार. जामीन हवा तो बाहेरचा, ऐपतीचा, ज्याच्यावर कर्ज नाही असा. दोघांपैकी एकजण मुळात न ओढणारा असता तर मी तुझे ऐकले असते.”

“मलाही बरीच वर्षे असेच वाटे. पण इंग्लंडात 3,722 जोडप्यांचा अभ्यास झाला, 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांचे जोडीदार ओढतच राहिले, त्यांच्यापैकी शेकडा 8 जणींची सवय सुटली. ज्यांचे जोडीदार मुळातच ओढत नव्हते, म्हणजे तुमचा तो ऐपतीचा जामीन, त्यांच्यातील 17 जणींची. आणि ज्यांच्या जोडीदाराने त्याच काळात सोडली, त्यांच्यातील 50 जणींची. पुरुषांचेही तसेच. निम्म्यांनी, मामा! बिनकर्जी जामीन शेजारी बसून उपदेश करतो. कर्जदार जामीन त्याच दुपारी, त्याच तलफेशी झगडत असतो.” आणि मग, कोणी विचारले नसताना, तिने स्वतःच जोडले: “अर्थात ती जोडपी पन्नाशीच्या पुढची होती, आणि सिगारेटवाली. तरुण जोडप्यांचे आणि हुक्क्याचे गणित अगदी तेच निघेल असे मी म्हणणार नाही.”

असे प्रतिपक्षाच्या हाती स्वतःहून शस्त्र देणारे लोक मला वादात फार थोडे भेटले आहेत. तिने आणखी एक अभ्यास सांगितला. अ‍ॅरिझोना विद्यापीठात वार्दा शोहम, मायकेल रोरबॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून त्यांच्यातील मतभेदाच्या विषयावर बोलायला लावले आणि मध्येच सिगारेट पेटवू दिली. जेथे दोघेही ओढणारे होते तेथे सिगारेट पेटल्यावर दोघांच्याही मनोवृत्ती प्रसन्नतेकडे झुकल्या, आणि जेथे एकच ओढणारा होता तेथे त्या उलट दिशेने गेल्या. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झाले. “म्हणजे धूर त्यांच्या संसारात काही काम करीत असतो,” भाची म्हणाली. “नोकर काढायचा तर तो कोणते काम करीत होता हे आधी पाहावे लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी घर अडते आणि त्यालाच परत बोलवावे लागते.”

“आणि भांडण झाले म्हणजे?” मामासाहेबांनी विचारले. “तिच्यासाठी सोडलेली वस्तू तिच्यावर रागावून परत धरता येते. स्वतःसाठी सोडलेली तशी धरता येत नाही.”

“येते, पण तुमचे खरे आहे. भांडणाच्या रात्री दुसऱ्याला दुखवायचे म्हणूनच पेटवला, अशी माणसे मी पाहिली आहेत. म्हणून आम्ही ‘तुझ्यासाठी सोडतो’ हे वाक्य शक्यतो बोलू देत नाही. ते कर्ज होते. आणि ‘तू सोड’ हे वाक्य तर मुळीच नाही. ज्या घरात एकजण शिपाई होतो त्या घरात दुसरा चोर होतो; मग धूर जिन्यात जातो, गाडीत जातो, मित्राकडे जातो.”

याच सुमारास मामी चहा घेऊन आल्या, आणि मामासाहेबांनी आपला हुकमी साक्षीदार पुढे केला. “मी 1974 साली सिगारेट सोडली. एका दिवसात. कोणाला विचारले नाही, कोणाला सांगितले नाही. विचार हिला.”

कप खाली ठेवीत मामींनी दुजोरा दिला. “खरे आहे. एका दिवसात सोडली, आणि पुन्हा कधी हात लावला नाही.” मग त्या पदराला हात पुसत उभ्याच राहिल्या, आणि पुढे जे बोलल्या ते तक्रारीच्या सुरात नव्हते, आठवणीच्या होते. त्यांची बदली तेव्हा संगमनेरला होती. रात्री जेवणे झाली की मामासाहेब ओसरीच्या पायरीवर सिगारेट घेऊन बसत, आणि मामी उंबऱ्याशी सुपारी कातरत बसत. कचेरीतल्या गोष्टी, माहेरची पत्रे, मुलांच्या शाळा, सगळे त्या अर्ध्या तासात बोलले जाई. सिगारेट सुटली तेव्हा पायरीवर बसले की तलफ येते म्हणून मामासाहेब जेवण होताच आत जाऊन दफ्तर उघडू लागले. “सिगारेट गेली ते बरेच झाले,” मामी म्हणाल्या. “पण पायरीवरचे बसणेही तिच्याबरोबर गेले. ते काही मग परत आले नाही. मी सुपारी सकाळीच कातरून ठेवू लागले.”

आणि त्या आत गेल्या. मामासाहेबांनी चहाचा कप उचलला, तसाच ठेवला. मी त्यांच्या शेजारी वीस वर्षे राहतो. साक्षीदार आपल्याच बाजूचा असताना त्याच्या जबानीने ते असे निरुत्तर झालेले मी याआधी पाहिले नव्हते. भाचीनेही हा विजय हाती घेतला नाही. ती खाली रस्त्याकडे पाहत राहिली. बऱ्याच वेळाने मामासाहेबांनी विचारले ते वादाच्या सुरात नव्हते.

“मग ती दोघे आता शनिवारी काय करतात?”

“तिथेच बसतात. त्याच सज्जात, त्याच वेळी, फक्त काचा उघड्या ठेवून. वेळ सोडायची नाही, वस्तू सोडायची, एवढेच बाईंनी त्यांना सांगितले. हातांना काम हवे म्हणून पहिल्यांदा पत्ते आणले, पण पत्त्यांत एक हात रिकामा राहतो, मोबाइल येतो. आता थंडी पडल्यावर मटार आणले आहेत. दोन-अडीच किलो सोलायचे. बोटे हिरवी होतात, मोबाइलला हात लावता येत नाही. तुमची नातसून म्हणाली, आठवड्याची भाजीही होते.”

“आणि ते यंत्र?”

“माळ्यावर आहे. टाकून द्यायला तो अजून तयार नाही, आणि तिने आग्रह धरलेला नाही. अकरा शनिवार झाले. मध्ये एकदा लोणावळ्याला मित्रांच्यात त्याने ओढला, ती बरोबर नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच सांगितले.”

“कबुलीजबाब,” मामासाहेब म्हणाले. “दबावाखाली नसला तर ग्राह्य धरावा.” मग थोडे थांबून, “तुमच्या दफ्तरात नोंद कशी करता? दोघांची दोन प्रकरणे?”

“केंद्राचा नमुना माणशी एक आहे. पण बाईंनी दोघांना एकच कागद दिला. दोघांची सही त्याच कागदावर.”

“सामाईक खाते,” मामासाहेब स्वतःशीच म्हणाले, आणि महसूल खात्यातल्या माणसाच्या तोंडी तो शब्द किती वजनाचा असतो हे मला त्या क्षणी जाणवले.

मी उठलो तेव्हा मामासाहेब भाचीला मटार कोणत्या मंडईत स्वस्त मिळतात ते विचारीत होते.

ज्या घरांत अशी समई कोपऱ्यात उभी आहे, त्यांच्यासाठी शेवटी एक माहिती. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा 1800-11-2356 या निःशुल्क क्रमांकावर उपलब्ध आहे, आणि तिचे एक विभागीय केंद्र मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे आहे. दूरध्वनी एकाने केला तरी चालतो. दुसऱ्याने त्या वेळी शेजारी बसावे.